चार ठोके न देता

प्रिय अण्णा,

कुणावर ओरडावं तेच कळेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. आई काल संध्याकाळपासून माझ्याशी बोलत नाही. भास्करकाकांचं तर तोंड बघायची इच्छा नाही. तुमचे जावई म्हणतात, "झालं ते झालं, सोड आता." राहिलात तुम्ही. तुम्हाला उलट उत्तर देता येणार नाही, हे एका अर्थी बरंच आहे!

काल नांदेडला तुमच्या वर्षश्राद्धाचा ऑर्केस्ट्रा झाला. तुमच्याच पार्टीनं केला, तुमच्याच नावानं. आणि मी भर हॉलमध्ये उभी राहून भास्करकाकांना विचारलं, "ही श्रद्धांजली हाय का कुणाचं लगीन?" अख्खा हॉल माझ्याकडं बघत होता. आता मी इथं आईच्या घरी, तुमच्या शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहिते आहे. जुई अजून झोपली आहे. तिच्या उशाशी तुमच्या ढोलच्या काड्या आहेत. त्या तिच्याकडं कशा आल्या ते सांगतेच, पण आधी भांडून घेऊ द्या.

तुमच्या नातीचे कान तुम्हाला माहीत आहेत. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली जाणारी पोर. मिक्सर लागला की जेवण टाकून उठणारी. गणपतीत गल्लीत डीजे आला की आम्ही दारंखिडक्या लावून, गादी उभी करून बसायचो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला आवाज नुसता ऐकू येत नाही, तो टोचतो. पण लोकांना कुठं पटतं? "लाडावून ठेवली." "एक कानफटात दिली की सरळ येईल." "बाहेरचं काही असंल, उतरवून टाक." लातूरमध्ये ऐकलं, नांदेडमध्ये ऐकलं. ज्याचं जळतं त्याला कळतं!

आणि सगळ्यात आधी कुणाकडून ऐकलं माहीत आहे का? तुमच्याकडून. आठवतंय ना कंधारचं लग्न? तुमची पार्टी स्टेजवर. तुम्ही तो लाल टिकल्यांचा कोट घालून ढोलच्या मागं बसलेले. आणि माझ्या हातातून पोरगी ओढून घेतली होती तुम्ही! "कलावंताची नात हाय. एकदा सवय झाली की व्हईल नीट." पहिल्याच गाण्याला ती तुमच्या कोटावर ओकली. त्या कोटाचं तुम्हाला लई वाईट वाटलं होतं. पोरीचं नंतर वाटलं. मी तेव्हा तुमच्याशी कितीतरी महिने बोलले नाही, ते बरोबरच केलं असं मला अजूनही वाटतं.

मग एक दिवस तुम्ही लातूरला आलात. चादरीत गुंडाळलेलं ढोलकं काखेत. आत आला नाहीत. बाहेर पायरीवरच बसलात. मी विचारलं, "अण्णा, काय करून राहिले?" तर म्हणालात, "तुझ्याकडं नाही आलो. नातीकडं आलोय."

जुई दाराच्या फटीतून बघत होती. तुम्ही ढोलक्यावर हात ठेवला, वाजवलं नाही. बोटानं लाकडावर हळूच चार ठोके दिले. टक, टक, टक, टक. मग चामड्यावर एक थाप, अगदी बारीक. पुन्हा चार, पुन्हा थाप. तिसऱ्या वेळी तिनं कानावरचा एक हात काढला. मी स्वयंपाकघरातून बघत होते, हातात लाटणं तसंच.

तुम्ही मला नंतर समजावून सांगितलं. ऑर्केस्ट्रात कुणी उगं वाजवायला लागत नाही. ढोलवाला आधी काड्या एकमेकीवर आपटून चार मोजतो, तेव्हा सगळे एकदम सुरू होतात. "बिना काउंटचं गाणं म्हणजे बिना इंडिकेटरचा ट्रक, वैशे. अंगावरच येतो. लेकराला आवाजाचं भ्या न्हाई. न सांगता आलेल्या आवाजाचं भ्या हाय." इतके डॉक्टर झाले, थेरपीच्या मॅडम झाल्या. पण हे मला तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं, म्हणून त्या दिवशी तुमच्यावरचा राग गेला.

तेव्हापासून आमच्या घरात सगळं चार ठोक्यांवर चालतं. मिक्सर लावायचा तर ओट्यावर चार. डोक्यावर पाणी घालायचं तर बादलीवर चार. नखं काढायची, केस विंचरायचे, गाडीला किक मारायची, आधी चार! आणि तुम्ही तर त्या कोटाच्या उजव्या बाहीच्या सगळ्या टिकल्या उसवून काढल्या. का, तर तुमच्या शेजारी बसताना तिला टोचू नयेत. पार्टीतले लोक हसायचे. एक बाही चमचम, एक बाही सपाट. तुम्ही सांगायचात, "फॅशन हाय."

मग एवढं सगळं ज्याला कळलं, तो माणूस स्वतः काय करतो?

अण्णा, तुम्हाला माहीत होतं. मला सांगू नका की माहीत नव्हतं! मला सलीमचाचांनी तुमच्या तेराव्याला सांगितलं. तुमच्या शेजारी बसून इतकी वर्षं कीबोर्ड वाजवणारा माणूस, रडतच सांगत होता. नवरात्राच्या प्रोग्रामला मध्यंतरात तुम्ही स्पीकरच्या मागं छाती धरून बसला होतात. घामाघूम. चाचा म्हणाले, "चलो दवाखाने." तुम्ही म्हणालात, "ग्यास हाय." मग चाचा म्हणाले, "बेटी को फोन करतूं." तर तुम्ही त्यांचा हात धरून काय म्हणालात? "तिला सांगू नको. उगं लातूरहून धावत येईल."

धावत आले असते ना! त्यासाठीच पोरगी असते ना अण्णा? लातूर काय परदेशात आहे? तुम्ही सोडा प्यायलात, पुढची गाणी वाजवलीत, घरी येऊन झोपलात आणि सकाळी उठलाच नाहीत. चार दिवस कळ येत होती म्हणे. चार दिवस, आणि मला एक ठोका नाही! दुनियेला काउंट देणारा माणूस घरच्यांना न सांगता निघून गेला. त्या सकाळच्या फोनपासून मोबाईल वाजला की मी हातातलं टाकून लांब सरकते. जुईला कुकरच्या शिट्टीनं काय होतं ते मला आता कळतं, तुमच्या कृपेनं.

जुईला मी तुमच्या मातीला आणलं नव्हतं. एवढी गर्दी, रडणं-आरडणं, तिला झेपलं नसतं. ती लातूरला सासूबाईंजवळ राहिली. पुढं मी तिला सांगितलं, आबा आता नाहीत. तिनं मान हलवली. मला वाटलं, समजलं तिला. तसंच धरून चालले होते मी.

मग सलीमचाचांचा फोन आला, की पार्टी तुमच्या नावानं कार्यक्रम ठेवते आहे. मी म्हटलं, मी येईन, जुई नाही. पण जुईनं ते ऐकलं होतं. "मी येणार. आबांच्या ऑर्केस्ट्राला मी येणार." रोज उठून तेच. ही पोरगी, जिला वाढदिवसाचा फुगा फुटलेला चालत नाही! शेवटी मी पदर खोचला आणि तयारीला लागले.

काय काय केलं नाही विचारा. चाचांनी रिकाम्या हॉलचा व्हिडिओ पाठवला. दार, पायऱ्या, खुर्च्या, पडदा. त्यातली चित्रं काढून घेतली, पुठ्ठ्यावर चिकटवली, दोरीत ओवली. आधी काय, नंतर काय, कंटाळा आला तर कुठल्या दारातून बाहेर. हार्डवेअरच्या दुकानातून कानावर लावायचे ते जाड लाल हेडफोन आणले, रस्ता फोडणारे कामगार लावतात तसले. दुकानदार म्हणाला, "ताई, ड्रिल मशीनपण देऊ का?" पहिले चार दिवस ते हेडफोन तिच्या बाहुलीनंच घातले. तुमच्या पार्टीचं एक गाणं फोनवर लावायचं, फोन शेवटच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी मधल्या खोलीत. एकदा तर फोन एकदम जवळ आणला तर तिनं उचलून धुण्याच्या बादलीत टाकला. तुमच्या जावयांचा फोन होता तो!

आणि भास्करकाकांना मी स्वतः फोन केला. तेच निवेदक, तेच आयोजक, तेच सगळे. म्हटलं, "काका, हॉलमध्ये हलगी नको, फटाके नको, धूर नको. आणि कृपा करून जुईला सत्कारासाठी स्टेजवर ओढू नका. डाव्या बाजूच्या दाराजवळच्या दोन खुर्च्या तेवढ्या ठेवा, ती घाबरली तर बाहेर नेता येईल." काका म्हणाले, "काळजीच सोड. माझ्यावर टाक." तिथंच मला कळायला पाहिजे होतं. भास्करकाकांवर टाकलेलं काय कधी धड झालं आहे?

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी ती चित्रांची माळ तिच्याबरोबर पुन्हा बघत होते. दार. खुर्ची. समई. स्टेज. ढोल. तर ढोलच्या पुठ्ठ्यावर तिनं पेन्सिलनं माणूस काढलेला. लाल कोट. एका बाहीला ठिपके, एक बाही कोरी.

"हे कोण गं?"

"आबा. आबा चार देतील, मग मी कान सोडीन."

मी माळ खाली ठेवली. "जुई, आबा नाहीत ना आता?"

"हाव. घरी नाहीत. आजी म्हणली, आबा प्रोग्रामला गेलेत. उद्या प्रोग्राम आहे."

एक वर्ष अण्णा! एक वर्ष ती पोरगी तुमचा प्रोग्राम संपायची वाट बघत होती. तुम्ही बाहेर पडताना कायम तेच म्हणायचात ना, "प्रोग्रामला चाललो"? आणि परत यायचातच. तिच्यासाठी त्या वाक्याचा अर्थ तेवढाच. लोकांचं बोलणं ती जसंच्या तसं धरते, हे आईला माहीत नाही का?

मी आईला फोन लावला. "का सांगितलंस असं?"

"मग काय सांगू लेकराला? मेले म्हणू?"

"हाव, मेले म्हण! मेले आहेत ना?"

आईनं फोन कापला. नवरा गेलेल्या बाईला मी असं बोलले. बोलले तर बोलले. मला तेव्हा तिचंही काही वाटत नव्हतं आणि तुमचंही. मला फक्त हे दिसत होतं, की उद्या पडदा वर जाईल, ढोलच्या मागं तुम्ही नसाल, आणि माझी पोर सगळ्या लोकांत एकटी पडेल.

म्हणून मी सांगितलं. स्वयंपाकघरात फरशीवर तिच्यासमोर बसले. फरशीवर चार ठोके दिले. ती लगेच सावध झाली, काहीतरी येणार म्हणून कानावर हात. मी म्हटलं, "जुई, आबा मेले. त्यांचं शरीर बंद पडलं. ते उद्या येणार नाहीत. कधीच येणार नाहीत."

ती रडली नाही. कितीतरी वेळ फरशीच्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. मग विचारलं, "आबांना कुणी चार दिले होते का?"

"नाही," म्हटलं.

"मग त्यांना लई भीती वाटली असेल."

अण्णा, वर्षभर मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्ही मला सांगितलं नाहीत म्हणून. तुम्हाला स्पीकरमागं बसून भीती वाटली असेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. त्या पोरीच्या पहिल्यांदा तेच मनात आलं. मी उठून गॅसजवळ जाऊन उभी राहिले. गॅसवर काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तरी ती म्हणाली, जायचं. आम्ही निघालो. लोह्याला थांबून तिला तिचा तो साधा पांढरा भात खाऊ घातला, डब्यातला. हॉलमध्ये वेळेआधी पोचलो. दोन खुर्च्या दाराजवळ, ठरल्याप्रमाणे. स्टेजवर तुमचा ढोल मांडलेला, स्टुलावर तुमचा लाल कोट आणि वर हार. ती जागा त्यांनी रिकामी ठेवली होती, मान म्हणून. ताल मशीनवर लावणार होते. कोट बघून जुई माझ्या कानात म्हणाली, "आबा नाहीत, कोट आहे." मला वाटलं, जमलं!

समई लागली. सगळे दोन मिनिटं उभे राहिले, शांत. जुई हेडफोन काढून ऐकत होती. म्हणाली, "हे गाणं चांगलं आहे." तुमचे जावई हसले, मीपण हसले.

आणि मग भास्करकाकांनी तुमच्या फोटोला हार घातला, वर हात केला, आणि डाव्या दाराबाहेर फटाक्यांची लड पेटली. डाव्या दाराबाहेर! जे दार मी मुद्दाम मागून घेतलं होतं त्याच दाराबाहेर! का? तर मी म्हटलं होतं हॉलमध्ये फटाके नको. म्हणून काकांनी बाहेर लावले. "आतमध्ये न्हाई लावले ना? वाजतगाजत जायाला पायजे आपला कलावंत." हे त्यांनी नंतर मला समजावून सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. प्रेमच होतं ओ त्यांचं. त्या प्रेमाला काय चुलीत घालू?

जुई खुर्चीखाली. हेडफोन कुठं गेले पत्ता नाही. मी ओढायला गेले तर माझ्या मनगटाला कडकडून चावली. वळ आहे अजून. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "अशा लेकराला आणावंच कशाला?" आणि मग मी उठले. काकांना जे बोलले ते सुरुवातीला लिहिलंच आहे, त्याच्या पुढचं लिहीत नाही, तुम्हाला ऐकवणार नाही. आई पुढच्या रांगेतून म्हणत होती, "वैशे, बस. लोक काय म्हणतील?" म्हणू द्या लोकांना. मी पोरीला उचललं आणि बाहेर गेले.

हॉलच्या मागं लिंबाच्या झाडाखाली बसलो. ती डोकं गुडघ्यात घालून डुलत होती. मी तिला हात लावला नाही. आत गाणं सुरू झालंच नव्हतं.

थोड्या वेळानं सलीमचाचा मागच्या दारानं बाहेर आले. तुमचा कोट हातावर, काड्या खिशात. आमच्यापासून लांबच खाली बसले. वयानं गुडघे वाकत नाहीत तरी बसले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जुईला म्हणाले, "बेटी, अंदर सब रुके हैं. मशीन को गिनना नक्को लगता, पर हमारे को लगता. तेरे आबा के बगैर चार कौन देगा?"

जुई डुलायची थांबली. तिनं हात पुढं केला, आधी कोटाकडं. सपाट बाही हातात धरून बसली. मग काड्या घेतल्या.

हॉलमध्ये ती गेली नाही, तसं काही मनात आणू नका. ती मागच्या दारातून पडद्याच्या कडेपर्यंत गेली, तेही चाचांचं बोट न धरता. तिथून तिनं काड्या एकमेकीवर आपटल्या. टक, टक, टक, टक. आणि वळून जी पळत सुटली ती थेट लिंबाखाली! आत गाणं सुरू झालं. तिनं हॉलच्या भिंतीला तळवे लावले, कान नाही, नुसते तळवे, ढोलक्याला लावायची तसे. पूर्ण गाणं ती तशीच उभी होती. मी तिच्या शेजारी भिंतीला हात लावून बघितला. भिंत खरंच वाजत होती अण्णा.

गाणं संपल्यावर मी विचारलं, "अजून एक ऐकायचं?"

"नको," म्हणाली. "आबांना चार द्यायचे राहिले होते. उशिरा दिले."

एवढंच. मग "भूक लागली" म्हणाली.

आई अजून बोलत नाही. पण आत्ता, हे लिहीत असताना, तिनं चटणीसाठी मिक्सर काढला. बटण दाबायच्या आधी थांबली. जुई झोपलेली, तरी ओट्यावर ठोके दिले. पाच दिले, तिला कधीच मोजता आलं नाही.

माझा राग गेलेला नाही. उगं समजू नका की गेला. तुम्ही सांगायला पाहिजे होतं. मी आले असते. दवाखान्यात काही झालं नसतं तरी तुमच्याजवळ बसले असते, तुमच्या त्या चार दिवसांत तुमच्या हातावर हात ठेवला असता. ते तुम्ही माझ्याकडून घेतलंत आणि ते मला कुणीच परत देऊ शकत नाही, सलीमचाचासुद्धा नाही.

पण एक वचन देते. माझ्या छातीत साधी कळ आली तरी मी माझ्या पोरीला सांगेन. ती घाबरेल, तरी सांगेन. कुठं दूर असेल, धावत यायचं तर येईल. तिच्यासमोर बसेन, जमिनीवर चार ठोके देईन आणि मग जे असेल ते सांगेन. मी तिच्यावर न सांगता कोसळणार नाही, अण्णा. तुमच्यासारखं करणार नाही.

काड्या परत मागू नका. त्या आता तिच्या आहेत.

तुमच्यावर रागावलेली आणि तुमचीच,
वैशू